हेन्स्लोंच्या घरची शुक्रवारची संध्याकाळ



स्मरणिकेसाठी प्रत्येकाने दोन-चार पाने लिहावीत असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मी आधी टाळाटाळच केली. वर्गातल्या खोड्या, गॅदरिंगमधली फजिती, सहलीत हरवलेली चप्पल हे सगळे तुम्ही माझ्यापेक्षा रंगवून लिहाल. मी ३३ वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि त्यातली बरीच वर्षे विद्यार्थी मार्गदर्शनाचे काम माझ्याकडे होते. बारावीचे निकाल लागले की माझ्या टेबलासमोर रांग लागायची. मेडिकल थोडक्यात हुकलेली मुले, त्यांच्यापेक्षा जास्त खचलेले आईवडील, आणि बीएस्सीला बायोलॉजी घेऊन पुढे काय करायचे हा एकच प्रश्न. विषयांच्या जोड्या, प्रवेशाच्या तारखा, शिष्यवृत्तीचे अर्ज हे सारे मी चोख सांगत असे. पण सल्ला देणे म्हणजे काय, हे मला उशिरा कळले, आणि तेही १८६१ साली वारलेल्या एका शिक्षकाकडून. शाळेच्या या पुस्तकात एका शिक्षकाचेच चरित्र लिहिले तर ते अस्थानी होणार नाही, असे वाटून हे लिहितो आहे.

त्यांचे नाव जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो. जीवशास्त्राचे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते चार्ल्स डार्विनचे गुरू म्हणून.

हेन्स्लोंचा जन्म ६ फेब्रुवारी १७९६ रोजी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात रॉचेस्टर येथे झाला. वडील वकिली करत. भावंडे बरीच, आणि हे सर्वांत थोरले. लहानपणापासून किडे, शिंपले, झाडे गोळा करायचा नाद. १८१४ साली ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि १८१८ साली गणिताच्या परीक्षेत सोळावे रँग्लर ठरले. रँग्लर म्हटले की आपल्याला रँग्लर परांजपे आठवतात. १८९९ साली सीनिअर रँग्लर झालेले आपले परांजपेही याच सेंट जॉन्स कॉलेजचे विद्यार्थी.

हेन्स्लोंनी गणिताची परीक्षा दिली याला कारण होते. त्या काळी केंब्रिजमध्ये जीवशास्त्राची पदवीच नव्हती. गणित, ग्रीक-लॅटिन आणि धर्मशास्त्र यांत पास व्हायचे, झाडाझुडपांचा नाद ज्याने त्याने आपल्या हौसेने करायचा. निसर्गविज्ञानाची वेगळी पदवी परीक्षा तिथे सुरू व्हायला १८५१ साल उजाडावे लागले. म्हणजे मी ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांच्या हातात देण्यासारखे गुणही नव्हते आणि प्रमाणपत्रही नव्हते.

पदवीनंतर १८१९ साली त्यांनी आणि अॅडम सेजविक या भूगर्भशास्त्रज्ञाने पुढाकार घेऊन केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटी उभी केली. १८२२ साली ते खनिजशास्त्राचे प्राध्यापक झाले, १८२३ साली हॅरिएट जेनिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला, १८२४ साली त्यांनी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली आणि १८२५ साली वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची निवड झाली. तेव्हा त्यांचे वय होते २९.

खुर्ची मिळाली, पण विषय मरणपंथाला लागलेला होता. आधीच्या प्राध्यापकांनी कित्येक वर्षांत व्याख्याने दिलेली नव्हती. वनस्पतींचा संग्रह धूळ खात पडलेला, बाग शहराच्या मध्यात कोंडलेली. हेन्स्लोंनी मोठमोठी रंगीत चित्रे काढून भिंतीवर टांगली. ते मुलांपुढे ताज्या फुलांची टोपली ठेवत आणि ज्याने त्याने आपल्या हाताने फूल उकलून पाहावे असा त्यांचा आग्रह असे. उन्हाळ्यात मुलांना घेऊन ते बाहेर पडत. कधी पायी, कधी घोडागाडीतून, कधी नदीने होडीतून. वाटेत दिसेल ते झाड, किडा, शिंपला, जमिनीतला दगड, सगळ्यावर थांबून बोलत. हर्बेरियमच्या कागदावर एका जातीचा एकच देखणा नमुना चिकटवायचा, ही तेव्हाची पद्धत. हेन्स्लो मात्र एकाच जातीचे बुटके, मध्यम, उंच असे अनेक नमुने एकाच कागदावर ओळीने लावत. एकाच जातीतल्या दोन झाडांत किती फरक असू शकतो, हे त्यांना मुलांच्या डोळ्यांना दाखवायचे होते. पुढे याच फरकांवर केवढी इमारत उभी राहणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. बागेसाठी शहराबाहेर सुमारे ४० एकर जागा १८३१ साली विद्यापीठाने घेतली तीही त्यांच्याच खटपटीने. १८४६ साली सुरू झालेली ती बाग आजही आहे.

आता त्यांच्या विद्यार्थ्याकडे वळू. डार्विनचे वडील नावाजलेले डॉक्टर. मुलाने डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी त्याला एडिंबराला धाडले. भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया पाहून मुलगा पळून आला आणि दोन वर्षांत त्याने मेडिकल सोडले. निदान धर्मोपदेशक तरी होईल या आशेने वडिलांनी त्याला केंब्रिजला घातले, आणि १८२८ साली तो तिथे आला. अभ्यासात लक्ष कमी, शिकारीत आणि भुंगेरे गोळा करण्यात जास्त. मित्रांनो, हे वाचताना मला माझ्या टेबलासमोरची रांग आठवते. मेडिकल सुटलेला, बापाच्या नजरेतून उतरलेला, नाद भलताच असलेला मुलगा. असे किती चार्ल्स माझ्यासमोर बसून गेले असतील!

डार्विनचा नात्यातला भाऊ फॉक्स याने त्याची हेन्स्लोंशी गाठ घालून दिली. हेन्स्लोंच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी दरवाजा उघडा असे. विज्ञानाची आवड असलेला कोणीही विद्यार्थी तिथे यावा, बुजुर्ग प्राध्यापकांच्या शेजारी बसावे, ऐकावे, विचारावे. डार्विन तिथे जाऊ लागला. हेन्स्लोंची वनस्पतिशास्त्राची व्याख्यानमाला परीक्षेला नव्हती, तरी ती त्याने लागोपाठ तीन वर्षे ऐकली. शेवटच्या काळात तर दोघे जवळजवळ रोज दूरवर फिरायला जात. हेन्स्लोंबरोबर फिरणारा तो मुलगा, हीच त्याची कॉलेजातली ओळख झाली.

या फिरण्याच्या दिवसांतला एक लहानसा प्रसंग डार्विनने म्हातारपणी आत्मचरित्रात नोंदवला आहे. ओलसर पृष्ठभागावर ठेवलेले परागकण तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता, आणि त्यांतून बारीक नळ्या बाहेर येताना त्याला दिसल्या. आपल्याला मोठाच शोध लागला, अशा समजुतीने तो धावत हेन्स्लोंकडे गेला. परागनलिका वनस्पतिशास्त्रज्ञांना आधीच माहीत होत्या. दुसरा कोणी प्राध्यापक असता तर हसला असता. हेन्स्लो हसले नाहीत. ही घटना किती कुतूहलाची आहे हे त्यांनी मान्य केले, तिचा अर्थ समजावून सांगितला, आणि ती आधीपासून ठाऊक आहे हेही स्पष्ट केले. मुलगा हिरमुसला नाही. उलट आपण स्वतःच्या डोळ्यांनी एवढे पाहिले याचा आनंद घेऊन, आणि यापुढे शोध जाहीर करण्याची घाई करायची नाही असे ठरवून तो परतला.

हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कारण तुम्हाला सांगतो. हे मी आजवर घरीही बोललेलो नाही.

मी नोकरीला लागून दहा-बारा वर्षे झाली असतील. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा प्रॅक्टिकल संपल्यावर माझ्याकडे आला. खेड्यातून रोज एस.टी.ने येणारा, वर्गात कधी तोंड न उघडणारा. त्याच्या हातात शंभर पानी वही होती. त्याच्या घरासमोर चिंच होती आणि एका फांदीवर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असे. ती फांदी बाकीच्या झाडापेक्षा उशिरा पाने मिटते, असे त्याचे म्हणणे होते, आणि पंधरा दिवस रोज संध्याकाळी घड्याळ लावून त्याने वेळा लिहून ठेवल्या होत्या. मला बैठकीला जायची घाई होती. पानांची ही हालचाल पुस्तकात दिलेलीच आहे, ती आधी वाच, आणि जर्नल अपुरे आहे ते पूर्ण कर, असे सांगून मी हसलो. हसण्यात दुष्टपणा नव्हता, पण मी हसलो. वही मी उघडलीही नाही. पुढच्या वर्षी विशेष विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्या मुलाने वनस्पतिशास्त्र सोडले. त्याचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. त्या वहीत काय होते, तेही नाही.

म्हणून हेन्स्लोंचे पुढचे वागणे मी फार बारकाईने वाचले.

जानेवारी १८३१ मध्ये डार्विन पदवी परीक्षा पास झाला, १७८ जणांत दहावा आला. हेन्स्लोंनी त्याला आता भूगर्भशास्त्र शिकायला सांगितले. स्वतः थोडेफार शिकवले, पण एवढ्यावर भागणार नाही हे ओळखून त्यांनी सेजविकना गळ घातली, आणि ऑगस्टमध्ये सेजविक त्याला वेल्सच्या डोंगरांत बरोबर घेऊन गेले. आपला विद्यार्थी दुसऱ्याच्या हाती सोपवायला मोठे मन लागते. आपल्याकडे विभागाविभागांत विद्यार्थ्यांवरून होणारी ओढाताण मी पाहिली आहे, त्यात भागही घेतला आहे.

२९ ऑगस्टला डार्विन घरी परतला तो हेन्स्लोंचे पत्र वाट पाहत होते. बीगल नावाचे सरकारी जहाज दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याच्या पाहणीला निघाले होते, आणि कॅप्टन फिट्झरॉय यांना बरोबर एक निसर्ग अभ्यासक हवा होता. हेन्स्लोंच्या मनात क्षणभर स्वतःच जाण्याचे आले होते. पत्नीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी तो विचार सोडला. त्यांचे मेहुणे लेनर्ड जेनिन्स यांनाही विचारून झाले, पण त्यांना गावच्या चर्चची जबाबदारी सोडवेना. मग हेन्स्लोंनी डार्विनचे नाव सुचवले. शिफारस करताना त्यांनी त्याला वाढवून सांगितले नाही. हा अजून पुरता तयार झालेला शास्त्रज्ञ नाही, पण गोळा करणे, निरखणे आणि नोंद ठेवणे यांत हा पुरेपूर लायक आहे, असा त्यांचा निर्वाळा होता. मी आयुष्यात शेकडो शिफारसपत्रे लिहिली. हुशार, होतकरू, कष्टाळू हे शब्द प्रत्येकात होते. मूल नेमके काय करू शकते आणि अजून काय करू शकत नाही, हे इतक्या स्वच्छपणे मी किती पत्रांत लिहिले असेल, ते न मोजलेलेच बरे.

वडिलांनी आधी नकार दिला. मामा जोसाया वेजवुड यांनी त्यांचे मन वळवले, आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी बीगल निघाले. जाताना हेन्स्लोंनी हम्बोल्टचे प्रवासवर्णन भेट दिले. लायेलच्या भूगर्भशास्त्राचा नुकताच निघालेला पहिला खंड जरूर वाच, पण त्यातली मते स्वीकारू नकोस, असाही सल्ला दिला. डार्विनने खंड वाचला आणि मतेही स्वीकारली! गुरूचा सल्ला अर्धा चुकला, आणि त्याने दोघांच्या नात्याचे काहीच बिघडले नाही.

पुढची जवळजवळ पाच वर्षे केंब्रिजला पेट्या येत राहिल्या. हाडे, कातडी, किडे, वाळवलेली झाडे, दगड. हेन्स्लो त्या उघडत, ओले झालेले वाळवत, नीट लावून ठेवत, आणि काय पोचले, काय खराब झाले ते कळवत. एका पुडीतला नमुना पार काजळी होऊन पोचला, तेव्हा ही नक्की काय वस्तू होती म्हणून त्यांनी थट्टेने विचारणा केली. झाडांचे तुकडे पाठवू नकोस, मूळ, पान, फूल सगळे असलेला नमुना पाठव, चिठ्ठी नीट बांध, अशा सूचना जात. दूर समुद्रावर, आपण पाठवतो आहोत त्याला काही किंमत आहे की नाही या शंकेने बेचैन असलेल्या मुलाला या पत्रांनी केवढा धीर दिला असेल! नोव्हेंबर १८३५ मध्ये हेन्स्लोंनी त्याच्या पत्रांतले उतारे केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचून दाखवले आणि त्यांची छोटी पुस्तिका छापली. २ ऑक्टोबर १८३६ रोजी डार्विन मायदेशी उतरला तेव्हा शास्त्रज्ञांच्या वर्तुळात त्याचे नाव आधीच पोचले होते.

हेन्स्लो सर्वगुणसंपन्न होते, असे मी म्हणणार नाही. डार्विनने आणलेल्या गॅलापागोस बेटांवरच्या वनस्पतींचा अभ्यास त्यांच्याकडून वर्षानुवर्षे रखडला. शेवटी ते काम तरुण जोसेफ हूकर यांच्याकडे गेले आणि त्यांनी ते पार पाडले. हेच हूकर १८५१ साली हेन्स्लोंचे जावई झाले.

काम रखडण्याचे एक कारण हिचम हे गाव. सफोक परगण्यातल्या या खेड्याच्या चर्चचे काम १८३७ साली त्यांच्याकडे आले, आणि १८३९ पासून ते तिथेच राहू लागले. केंब्रिजची व्याख्याने चालू होती, पण मुक्काम हलला. केंब्रिजच्या मित्रांना हा वनवासच वाटला असणार. गाव गरीब आणि अडाणी. हेन्स्लोंनी शाळा काढली आणि शेतमजुरांच्या मुलामुलींना चक्क वनस्पतिशास्त्र शिकवायला घेतले. वर्ग ऐच्छिक होता, पण त्यात बसायचे तर आधी विषयातले अवघड शब्द बिनचूक लिहिता यायला हवेत. मुली रानातून फुले आणत, पाकळ्या-पुंकेसर मोजत, गटवारी लावत. मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे मिळवून द्यायला बड्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला, तोही त्यांनी पचवला. १८५१ चे लंडनचे महाप्रदर्शन दाखवायला ते गावकऱ्यांना घेऊन गेले. आणि १८५५ साली डार्विनला प्रयोगांसाठी रानफुलांच्या बिया हव्या झाल्या, तेव्हा त्या हिचमच्या या छोट्या मुलींनी गोळा करून दिल्या, मोबदला घेऊन. गुरूच्या नव्या वर्गाने जुन्या विद्यार्थ्याला केलेली ही मदत मला फार आवडते.

१८५९ च्या नोव्हेंबरात डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ निघाला. हेन्स्लो धर्मोपदेशक. विद्यार्थ्याचा निष्कर्ष त्यांना पुरता पटला नाही. सेजविक तर उघड टीका करत होते. पण पुढच्या वर्षी केंब्रिजमध्ये डार्विनवर हल्ला झाला तेव्हा हेन्स्लो त्याच्या बाजूने उभे राहिले. त्याचे मत मला मान्य नसले तरी त्याचा शोध प्रामाणिक आहे आणि तो घेण्याचा त्याला हक्क आहे, ही त्यांची भूमिका. ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला बिशप विल्बरफोर्स आणि हक्स्ली यांची जी गाजलेली खडाजंगी झाली, त्या सभेचे अध्यक्ष हेन्स्लोच होते.

१६ मे १८६१ रोजी हिचम येथे त्यांचे निधन झाले. वय ६५. त्यांच्या अखेरच्या आजारात डार्विन भेटीला जाऊ शकला नाही. त्याची स्वतःची प्रकृती ढासळलेली होती, तरी न गेल्याची टोचणी त्याला राहिली. पुढच्या वर्षी जेनिन्स यांनी लिहिलेल्या चरित्रासाठी त्याने आपल्या गुरूच्या आठवणी लिहून दिल्या.

हे चरित्र वाचल्यावर माझ्या टेबलावर मी दोन बदल केले. मुलगा आला की गुणपत्रिका मागण्याआधी, अलीकडे स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलेस हे विचारू लागलो. बरेच जण गप्प बसत. काही जण बोलत, आणि मग तारखा आणि विषयांच्या जोड्या आपोआप सुचत. दुसरे म्हणजे, कोणी वही घेऊन आले तर बैठकीला उशीर झाला तरी चालेल, पण वही उघडायची. चिंचेची वही पुन्हा आली नाही. दुसऱ्या काही आल्या.

आपल्या गुरुजनांना हे वाचून कदाचित हसू येईल, कारण त्यांना हे आधीच ठाऊक होते. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच होता आणि आम्ही साठ जण. तरी शास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला कांद्याची साल दाखवल्याशिवाय तास संपवला नव्हता, आणि मधली सुट्टी त्यांनी त्यात घालवली होती. मी वनस्पतिशास्त्राकडे वळलो ते त्या दिवशी. सर, हे तुम्हाला आधीच सांगायला हवे होते.

जाता जाता तुकडीतल्या सर्वांना एक विनंती. शाळेला भेट म्हणून आपण निधी जमवतो आहोत आणि काय द्यायचे ते अजून ठरलेले नाही. माझे मत सहा चांगल्या सूक्ष्मदर्शकांना. आणि मुख्याध्यापकांनी परवानगी दिली तर दर शुक्रवारी संध्याकाळी मी प्रयोगशाळेत येऊन बसेन. आपल्यातले डॉक्टर, शेतकरी, बँकेतले, गृहिणी, ज्यांना जमेल त्यांनी यावे. दहावी-बारावीच्या मुलांना काय विचारायचे ते विचारू द्यावे. चहाचे मी बघतो.